अधांतरी ठेवलेली स्त्री : शरीयतचा आदेश आणि न्यायालयाचा मार्ग



तलाकचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती तलाक देणाऱ्या पतीची. जो पती नांदवतही नाही आणि सोडतही नाही, त्याच्याविषयी मिंबरवरून फारसे ऐकू येत नाही. वास्तविक पवित्र कुरआनने या अन्यायाला स्वतंत्र शब्द दिला आहे. सूरह अन्-निसाच्या १२९ व्या आयतीत एकाहून अधिक पत्नी असलेल्या पुरुषाला ताकीद आहे की, एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला 'मुअल्लका', म्हणजे अधांतरी लटकलेली, करून ठेवू नये. सूरह अल्-बकराची २३१ वी आयत तर सर्वच पतींना उद्देशून आहे. ठेवायचे तर भलेपणाने ठेवा, निरोप द्यायचा तर भलेपणाने द्या. केवळ छळण्यासाठी अडकवून ठेवणे हा अतिरेक आहे.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. मुलगी चार-पाच वर्षांपासून माहेरी आहे. पती परगावी किंवा आखातात. खर्चाला पैसा नाही, मुलांची चौकशी नाही. निरोप पाठवला तर उत्तर येते, "बसू दे तिला तिथेच." घरातील वडीलधारे मुलीला सब्र करण्यास सांगतात. सब्र ही मोठी नेकी आहे, यात शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या जुलमाला मुदत वाढवून देणे म्हणजे सब्र नव्हे.

शरीयतने सांगितलेली पहिली पायरी सूरह अन्-निसाच्या ३५ व्या आयतीत आहे : पतीच्या घरचा एक आणि पत्नीच्या घरचा एक असे दोन मध्यस्थ. ही बैठक मनापासून व्हावी आणि तिचा वृत्तान्त तारीख व सह्यांसह लिहून ठेवावा. समेट झाला नाही तर खुलाचा मार्ग आहे. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापाशी येऊन सांगितले की, पतीच्या दीनविषयी किंवा स्वभावाविषयी तक्रार नाही, पण त्यांच्याबरोबर राहणे आपल्याला जमत नाही. महरमध्ये मिळालेली बाग परत करण्याची तिची तयारी पाहून प्रेषितांनी (स.) साबित यांना बाग घेऊन तलाक देण्यास सांगितले. सहीह बुखारीतील ही घटना सर्वांना ठाऊक आहे. तिचा आधार घेऊन "महर सोड, दागिने ठेव, मग मोकळी करतो" असा सौदा करणाऱ्याने मात्र सूरह अन्-निसाची १९ वी आयत वाचावी. दिलेले परत उकळण्यासाठी स्त्रीला कोंडून ठेवण्यास तिथे मनाई आहे. कसूर पतीचा असेल तर खुलाच्या बदल्यात काही घेणे हनफी फुकहांनीही नापसंत केले आहे.

आणि पती खुलाही मान्य करत नसेल तर? मग निकाह रद्द करवून घेणे, म्हणजे फस्ख. यासाठी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. हा कायदा बाहेरून लादलेला नाही. हनफी मतानुसार बेपत्ता पतीच्या पत्नीला इतकी प्रदीर्घ प्रतीक्षा करावी लागे की, काही स्त्रिया केवळ सुटकेसाठी दीनच सोडू लागल्या. त्या दुःखातून मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी 'अल्-हीलतुन् नाजिज़ा' हा ग्रंथ सिद्ध केला आणि मालिकी मताचा आधार घेण्यास वाट करून दिली. कायद्याची पार्श्वभूमी ती आहे. त्यानुसार पतीने दोन वर्षे पोटगी दिली नाही, तीन वर्षे योग्य कारणाविना वैवाहिक कर्तव्य पाळले नाही, चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नाही, किंवा तो क्रूरतेने वागतो, यांपैकी एक कारणही पुरेसे आहे. निकालाने महरचा हक्क बुडत नाही, असे कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असा निवाडा मुस्लिम न्यायाधीशानेच द्यावा, ही उलेमांची मागणी कायद्यात टिकली नाही. त्यामुळे गैरमुस्लिम न्यायाधीशाचा फस्ख शरीयतदृष्ट्या पुरेसा मानावा की नाही, यावर मतभेद आहे. माझा सल्ला असा की दोन्ही दारे ठोठवावीत. न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा आणि दारुल कज़ाकडूनही फैसला घ्यावा. केवळ दारुल कज़ाच्या कागदावर थांबू नये. अशा फैसल्याला कायद्याचे बंधनकारक बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. नोटरीपुढे केलेल्या कागदाचीही तीच गत. नोटरी सही साक्षांकित करतो, निकाह संपवत नाही. खुला किंवा मुबारात परस्परसंमतीने झाला असेल, तरी कुटुंब न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा करून घ्यावी. पुढे दुसरा निकाह, पासपोर्ट किंवा वारसा यांचा प्रश्न आला की तोच कागद कामी येतो.

दावा कुटुंब न्यायालयात, ते नसेल तेथे दिवाणी न्यायालयात दाखल होतो. कुटुंब न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो. त्याला घाबरू नये, मध्यस्थांच्या आयतीचाच तो एक प्रकार समजावा. निकाहनामा, बँकेचे पासबुक, पतीला पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि न स्वीकारता परत आलेला लिफाफा जपून ठेवावा. तो लिफाफा न फोडता ठेवावा. दरम्यान पोटगीचा अर्ज वेगळा करता येतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. निकालानंतर अपिलाची मुदत वकिलास विचारून घ्यावी आणि इद्दत पूर्ण झाल्याखेरीज दुसऱ्या निकाहची बोलणी करू नयेत.

मुलगी न्यायालयाची पायरी चढली तर घराण्याची अब्रू जाते, असे म्हणणारे वडीलधारे अनेक भेटतात. निकाहच्या वेळी महरच्या रकमेवर तासभर घासाघीस करणारेही बहुधा तेच असतात. वकिलाच्या खर्चाची सबब मात्र कोणी सांगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यावा लागतो. मशिदीच्या विश्वस्तांपैकी कोणी त्या बहिणीच्या वडिलांसोबत तेथवर गेले, तर ते काम एका सकाळचे आहे.