एक बाप, एक मुलगा, तीन वाचने

बकरी ईदच्या सकाळी नाशिकच्या शहाजहानी ईदगाह मैदानावर नमाजासाठी रांगा लागतात. नंतर घरोघरी कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे पडतात: एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गोरगरिबांचा. देवाच्या आज्ञेखातर पोटच्या मुलाला अर्पण करायला निघालेल्या हजरत इब्राहीमची ही आठवण.

तोच बाप नाशिकच्या ख्रिस्ती घरांत अब्राहाम म्हणून ओळखीचा आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकली, ती याच अब्राहामाची कथा सांगणारे बायबल वाचत. आणि कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल यहुदीही स्वतःला याच अब्राहामाचे वंशज मानतात.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असे म्हणून आपण सहज मोकळे होतो. त्यात सद्भाव असतो, पण शेजाऱ्याची श्रद्धा नेमकी काय आहे हे ऐकून घ्यायचे राहूनच जाते. म्हणून ही कथा तिघांकडूनही ऐकावी.

यहुदी ग्रंथात मुलगा इसहाक आहे. तो वाटेत विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, मग कोकरू कुठे? सुरी उचललेला हात देवदूत थांबवतो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका बळी जातो. नव्या वर्षाच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या ‘नव्याच्या सणा’च्या दुसऱ्या दिवशी हा भाग वाचला जातो. तेव्हा फुंकले जाणारे एडक्याचे शिंग त्या प्रसंगाचीही आठवण देते. इथे भर आहे तो देवाशी झालेल्या करारावर आणि त्याच्या आज्ञापालनावर.

ख्रिस्ती माणूस हेच पान क्रुसाकडे पाहत वाचतो. लाकडे पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्या इसहाकात त्याला क्रूस वाहणारा येशू दिसतो. अब्राहामाचा मुलगा वाचला. देवाने स्वतःचा पुत्र मात्र राखून ठेवला नाही, ही त्याची श्रद्धा. यहुदी आणि मुसलमान दोघेही नेमके इथेच थांबतात. देवाला पुत्र आहे, हे त्यांना मान्य नाही.

कुराणात बाप आपले स्वप्न मुलालाच सांगतो, आणि मुलगा स्वतः होकार देतो. समर्पण दोघांचे आहे. रक्तमांस अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती निष्ठा, असेही कुराण बजावते. या प्रसंगात मुलाचे नाव येत नाही. बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात, पण नवव्या-दहाव्या शतकातले थोर भाष्यकार तबरी यांनी इसहाकाच्या बाजूने कौल दिला होता. म्हणजे मतभेद धर्माधर्मांत आहेत, तसे एकाच धर्माच्या आतही आहेत.

बायबलच्या पहिल्या पुस्तकानुसार अब्राहामाला मूठमाती देताना इसहाक आणि इश्माएल (म्हणजेच इस्माईल) हे दोघे भाऊ एकत्र होते. हेब्रोनमधल्या त्या दफनस्थळी क्रुसेडच्या काळात चर्च होते. १९९४ साली तिथे झालेल्या हत्याकांडानंतर त्या वास्तूचे मशीद आणि सिनेगॉग असे दोन भाग झाले. वर्षातले ठरावीक दहा दिवस सगळी वास्तू मुसलमानांसाठी असते आणि दहा दिवस यहुद्यांसाठी.