फरक, भेद आणि अंतर

इंग्रजीतील 'डिफरन्स' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास एकदम पाचसहा शब्द पुढे येतात : फरक, भेद, अंतर, तफावत, भिन्नता, वेगळेपणा. हे सारे समानार्थी आहेत असे समजून आपण अनुवाद करतो आणि तेथेच फसतो. या शब्दामागील लॅटिन क्रियापदात दोन गोष्टी परस्परांपासून दूर वाहून नेण्याचा भाव होता. परंतु त्या कोणी नेल्या, हा प्रश्न आजचा इंग्रजी शब्द विचारीत नाही. वजाबाकीचे उत्तर, दोन मित्रांतील बेबनाव आणि दोन संस्कृतींचे निराळेपण यांना तो सारख्याच तटस्थतेने सामावून घेतो.

मराठीला ही तटस्थता साधत नाही. ते बरेच झाले, असे मला वाटते. 'फरक' अरबी मुळाचा, फारसीच्या वाटेने आला आणि हिशेबाच्या वहीत रमला. तो 'असतो' किंवा 'पडतो'. वेतनाचा फरक तर 'मिळतो'देखील. त्याला कर्ता लागत नाही. 'भेद' मात्र फोडणे, चिरणे अशा अर्थाच्या 'भिद्' या धातूपासून निघालेला. तो बहुधा 'केला' जातो, आणि केला म्हटल्यावर कोणी केला, हे विचारावेच लागते. राज्यघटनेचा 15वा अनुच्छेद नागरिकांमधील फरक नाकारीत नाही. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास तो राज्यसंस्थेला मनाई करतो.

सामान्य समजूत अशी की, फरक आधी असतो आणि भेद मागून येतो. हा क्रम उलटाही असू शकतो. दिल्लीलगतचे गुरुग्राम हे द्रोणाचार्यांचे गाव मानले जाते. 'गुडगाव' हे रूढ नाव बदलून हरियाणा शासनाने 2016 साली 'गुरुग्राम' हे नाव दिले, ते याच परंपरेच्या आधाराने. या शहराने पोटात घेतलेल्या खांडसा गावी एकलव्याचे मंदिर आहे. त्याने अंगठा कापून दिला तो येथेच, अशी तेथील श्रद्धा. शहराच्या नावात गुरू आला, शिष्य खांडशालाच राहिला.

आदिपर्वातील कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातील क्रमाकडे सहसा लक्ष जात नाही. हिरण्यधनू या निषादराजाचा हा मुलगा विद्या मागायला आला, तेव्हा द्रोणांनी त्याचा हात पारखला नाही, कूळ पाहिले. म्हणजे भेद आधीच झाला. पुढे भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारून एकलव्याने जे दाखविले, त्यात फरक होताच, पण तो एकलव्याच्या बाजूचा होता. अर्जुनाला तो सहन झाला नाही. मग उजवा अंगठा मागितला गेला. तो दिल्यानंतर एकलव्याचे बाण पूर्वीइतके शीघ्र सुटेनात, असे महाभारतकार सांगतात. आता समजा, हे काहीच न जाणणारा एखादा परीक्षक दोघांना शेजारी उभे करून नेमबाजी पाहतो. दोघांत 'डिफरन्स' आहे, असे तो लिहील. त्याची नोंद खोटी ठरणार नाही. कर्ता मात्र तिच्यातून निसटलेला असेल. परीक्षांचे निकाल आणि गुणवत्तेच्या याद्या वाचताना मला हा परीक्षक वारंवार आठवतो.

'अंतर' हा शब्द याहून गहन. जाक देरिदा यांनी 1968 साली 'डिफेरान्स' या संज्ञेत भिन्न असणे आणि लांबणीवर पडणे हे दोन्ही अर्थ एकत्र आणले. त्यासाठी त्यांना फ्रेंच शब्दाचे एक अक्षर मुद्दाम बदलावे लागले. मराठीत दोन वस्तूंमध्ये अंतर असते, दोन घटना काही काळाच्या अंतराने घडतात आणि दोन स्वभावांतही अंतर असते. आमच्या समीक्षकांनी, त्यांत मीही आलो, देरिदांसाठी जड पारिभाषिक शब्द घडविले. घरातला शब्द कोणी उचलून पाहिला नाही. शिवाय मराठीत अंतर 'देता' येते. 'मला अंतर देऊ नकोस' असे म्हणणारा माणूस वेगळेपणाची तक्रार करीत नसतो. वेगळेपण राहो, पण टाकू नकोस, एवढेच त्याचे मागणे असते.

एकलव्याने अरण्यात मातीचे द्रोण घडविले आणि त्यांच्यासमोर विद्या साधली. त्या द्रोणांनी त्याला कधी अंतर दिले नाही. हे वाक्य इंग्रजीत न्यायचे झाल्यास 'डिफरन्स' हा शब्द काहीच उपयोगी पडत नाही.