मालकी बेटाची, वहिवाट पाण्याची

परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशेएक किलोमीटर. आमच्याकडे मासा म्हणजे गोदावरीचा, नाहीतर येलदरीच्या धरणाचा. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कच्चथीवू नावाचं बेट आमच्या चहाच्या टपऱ्यांवर येऊन पोचलं. इंदिरा गांधींनी ते श्रीलंकेला देऊन टाकलं, एवढं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. बेट केवढं आहे आणि तिथं जातं कोण, असं विचारलं की विषय कापसाच्या भावाकडे वळायचा.

कच्चथीवू २८५ एकरांचं आहे. पिण्याचं पाणी नाही, कायमची वस्ती नाही. संत अँथनींचं एक चर्च आहे, आणि त्याच्या वार्षिक यात्रेला भारत आणि श्रीलंका या दोन्ही किनाऱ्यांवरचे तमिळ मच्छीमार येतात. मराठवाड्यातल्या लहानशा गावाचं शिवारही याहून मोठं असतं. मग दोन देश त्यावरून पन्नास वर्षं का कुरकुरतात?

कारण भांडण जमिनीचं नसतंच. समुद्री कायद्यानुसार भरतीच्या वेळी पाण्याबाहेर राहणाऱ्या कोणत्याही खडकाला भोवतालचा १२ सागरी मैलांचा समुद्र मिळतो. आजूबाजूला दुसरं काही नसेल तर हे क्षेत्र साधारण साडेपंधराशे चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे परभणी जिल्ह्याचा पाव हिस्सा. त्या खडकावर माणसं स्वतःच्या बळावर राहू शकतात असं ठरलं, तर हक्क २०० मैलांपर्यंत जातो. मग आकडा सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या पुढे, अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. एवढ्या पाण्यातले मासे आणि तळाखालचं तेल-वायू ज्याचा खडक त्याचं. म्हणून देश ओसाड दगडांवर झेंडे रोवतात, दीपगृहं बांधतात, चार जवान नेऊन बसवतात.

कायदा अलीकडचा, खोड जुनी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि तटबंदीला हात घातला. थळच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट तोवर ओसाडच होतं. पण जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईत इंग्रजांच्या आसऱ्याला ठेवत असे, आणि मुंबई बंदराच्या तोंडावर नजर ठेवायला खांदेरीसारखी दुसरी जागा नव्हती. इंग्रजांनी लगेच बेट आपलं असल्याचा दावा केला. इतकी वर्षं समोर दिसत असताना तिथं एक दगड रचावा असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्याने रचायला घेतल्यावर मालकी आठवली. हे आजही असंच चालतं.

सप्टेंबरात इंग्रजांनी उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं आणि त्यांचं ‘डव्ह’ हे जहाज हाती लागलं. पण मला या मोहिमेतली लढाईपेक्षा रसद जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजांची अवजड जहाजं नांगर टाकून वेढा घालून बसली होती आणि किनाऱ्यावरच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत दाणागोटा, दारूगोळा बेटावर पोचवत होत्या. खडकांतल्या वाटा आणि भरती-ओहोटीची वेळ त्यांना ठाऊक होती. वेढा त्यांनीच फोल ठरवला. अखेर खर्चाला कंटाळून इंग्रजांनी १६८० च्या सुरुवातीला तह केला. सिद्दी कासीम मात्र गप्प बसला नाही. जानेवारीत त्याने शेजारचं उंदेरी बळकावून तिथं स्वतःचा किल्ला उठवला. उंदेरी मराठ्यांच्या हाती यायला १७६० उजाडलं. तोवर ऐंशी वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून होती, आणि त्यांच्या मधल्या पाण्यात मासे धरायचे ते थळचे कोळी.

पुढची गोष्ट तर काल्पनिक वाटावी अशी आहे. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी, भारत आणि बांगलादेशाच्या मध्ये, गाळाचं एक बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, त्यांनी दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये भारताने तिथं नौदलाचं जहाज पाठवलं, झेंडा लावला. दोन्हीकडे मोर्चे, भाषणं, सगळं यथासांग झालं. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सांगितलं की बेट बुडालं. ७ जुलै २०१४ च्या लवादाच्या निकालात वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर समुद्रापैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाला. ज्यावरून एवढा गदारोळ झाला ती बुडालेली जागा मात्र भारताच्या बाजूला आली! त्यावरून ढाक्यात विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. भारताने निकाल मुकाट्याने मान्य केला, आणि ते शहाणपणाचं झालं.

पण प्रत्येक वाद असा पाण्यात विरत नाही. कच्छच्या रणातली सर क्रीक ही ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी आहे. तिच्या सीमेचं मूळ मुंबई सरकारच्या १९१४ च्या एका ठरावात आहे, कारण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. रेषा खाडीच्या पूर्व काठाने की मधून, यावर भारत-पाकिस्तान अजून अडून आहेत, आणि खाडीच पक्की नाही म्हणून पुढच्या समुद्रातली हद्दही पक्की नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. तो गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्या बदलून घेतात. त्यांत मच्छीमारांचा रकाना वेगळा असतो आणि तो कधी रिकामा नसतो.

इथं समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्याकडे सांगण्यासारखं काही आहे. येलदरीचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरलं की काठाची काळी, ओली जमीन उघडी पडते. ही गाळपेर. मालकी सरकारची, त्यात वाद नाही. पण धरणग्रस्त आणि भूमिहीन कुटुंबांना ती हंगामापुरती कसायला देता येते, आणि पाणी चढलं की जमीन परत धरणाची. सातबारा एकाकडे, पीक दुसऱ्याकडे. ही व्यवस्था स्वच्छ चालते असं कुणी म्हणणार नाही. वशिला तिथंही लागतो. पण मालकी आणि वहिवाट वेगळ्या करता येतात, एवढं ती दाखवते.

समुद्रातही हे झालेलं आहे. लाल समुद्रातल्या हनीश बेटांवरून एरिट्रिया आणि येमेन १९९५ मध्ये लढले. १९९८ च्या लवादाने ती बेटं येमेनला दिली, पण दोन्ही किनाऱ्यांवरच्या मच्छीमारांचा तिथला पारंपरिक वावर कायम ठेवला. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांनी १९७८ च्या टोरेस सामुद्रधुनी करारात समुद्रतळाची रेषा एक आणि मासेमारीची दुसरी आखली, आणि तिथल्या मूळ रहिवाशांची ये-जा मोकळी ठेवली.

कच्चथीवूचा १९७४ चा करारही याच वाटेवर होता. त्यात यात्रेकरूंना आणि मच्छीमारांना बेटावर जाण्याची मुभा होती आणि बोटींचे परंपरागत हक्क राखले होते. १९७६ च्या पत्रव्यवहाराने मासेमारी बंद झाली. मच्छीमारांचं खरं नुकसान तिथं झालं, बेट देण्यात नव्हे. अर्थात वहिवाट म्हणजे मोकळं रान नाही. रामेश्वरमच्या यांत्रिक ट्रॉलर बोटी समुद्राचा तळ खरवडून काढतात, आणि त्याचा फटका श्रीलंकेतल्या यादवी युद्धातून सावरलेल्या जाफन्याच्या तमिळ मच्छीमारांना बसतो. श्रीलंकेने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, ती रास्तच होती. परंपरागत हक्क जाळ्याचा असतो, ट्रॉलरचा नव्हे.

म्हणून बेट परत घेऊ म्हणणाऱ्या पुढाऱ्याला टाळी देण्याआधी दोन प्रश्न विचारा: तिथं ट्रॉलर बंद करून लहान होड्यांना परवाने मिळावेत यासाठी तुम्ही काय केलं? आणि १ जानेवारीच्या यादीतल्या मच्छीमारांना घरी कधी आणताय?