हरणासाठी लावलेले रोप

१९५० साली केंद्रीय मंत्री असताना कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलै उजाडला की मुंबईच्या उपनगरांतल्या शाळा आणि सोसायट्या रोपे घेऊन डोंगराकडे निघतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात, चितळ, सांबर आणि भेकर आहेत. झाडे वाढली की त्यांना चारा मिळेल, सावली मिळेल, ही भावना मनापासूनची असते.

पण याच जंगलात बिबट्याही राहतो. हरणे वाढली, तर त्यांतली काही त्याच्या तोंडी जाणारच. मग रोप लावणाऱ्याने हरणाला जगवले, की बिबट्याचे ताट वाढले? घाटकोपर-मुलुंडच्या ज्या घरांत जीवदयेसाठी दरवर्षी पैसे बाजूला काढले जातात, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. बेसावधपणे, विकारांच्या आहारी जाऊन केलेला प्राणघात म्हणजे हिंसा. या कसोटीने बिबट्याच्या शिकारीचा दोष रोप लावणाऱ्याकडे येत नाही. मात्र दुसरा एक दोष येऊ शकतो, आणि तो जास्त जवळचा आहे: काय लावतो आहोत, कुठे लावतो आहोत, हे न पाहण्याचा.

गिरिपुष्पाचेच पाहा. मध्य अमेरिकेतले हे झाड झपाट्याने वाढते, म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी उघड्या टेकड्यांवर ते लावले गेले. टेकड्या लवकर हिरव्या दिसू लागल्या, पण त्या दाटीत देशी झाडांना जागा उरली नाही. शिवाय चितळाला आधी गवत लागते. मोकळ्या गवताळ रानात खेटून रोपे लावली, की पुढे त्यांच्याच सावलीत गवत मरते. ज्याच्यासाठी लावली त्याचेच कुरण जाते. याउलट बेहडा, आवळा ही इथली झाडे. वानरे वर बसून फळे-पाला खाताना निम्मे खाली सांडतात आणि ते वेचायला चितळ झाडाखाली जमतात.

उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागात हरणांसाठी हेमलॉक, सीडर अशी सूचिपर्णी रोपे लावतात. त्यांच्या दाट फांद्या बर्फ वरच्यावर अडवतात आणि हिवाळ्यात हरणांना खाली आसरा मिळतो. तिथे ते योग्यच आहे. तमिळनाडूतल्या निलगिरी पर्वतावर मात्र माणसाच्या गरजेसाठी पाइन आणि वॅटल आणले गेले, आणि निलगिरी ताहर जिथे चरतो त्या गवताळ माळांचा मोठा भाग त्यांच्याखाली गेला. सूचिपर्णी झाड दोन्हीकडे होते. जमीन कोणाची, तिथे आधी काय उगवत होते, हे विचारले गेले की नाही, एवढाच फरक.

उद्यानाच्या पोटातच कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात फिरणे थांबवून एका जागी राहत. या वर्षावासाचे कारण विनयपिटकात आले आहे: भर पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे कोंब आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. आज त्याच दिवसांत शेकडो पाय रोपे लावायला रानात शिरतात, तेव्हा आपोआप उगवलेले किती कोंब त्यांच्याखाली येत असतील, याची काळजी भक्तिभावाने येणाऱ्यांनी तरी करायलाच हवी.

उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या आदिवासी पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला वाघोबा या देवाची पूजा होते. माणसे आणि गुरे सुखरूप राहावीत, एवढेच मागणे असते. बिबट्याने शिकार सोडावी, असे कोणी मागत नाही. जीवदया मानणाऱ्यालाही हे स्वीकारता येईल, कारण हरणाचा सगळा जन्म त्याच्या हाती दिलेला नाही. त्याच्या हाती आहे ते इतकेच: वनखात्याला विचारून बाहेरून येऊन माजलेली घाणेरी उपटणे, गवताला मोकळी जागा देणे, आणि लावलेच तर बेहड्याचे एखादे रोप लावून त्याला चार पावसाळे काटेरी कुंपण राखणे, कारण कोवळे रोप दिसले की पहिल्यांदा ते हरीणच खाते.