नाबोथाचा द्राक्षमळा
(१ राजे, अध्याय २१)

अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. मोबदला देण्यास राजा तयार होता. परंतु वाडवडिलांचें वतन देणें नाबोथास पाप वाटलें. तेव्हां ईजबेल राणीनें काय केलें? तिनें उपास जाहीर करविला! त्या सभेंत नाबोथास मानाच्या जागीं बसवून त्याजवर देवनिंदेचा खोटा आरोप आणविला व त्यास धोंडमार करविली. धर्माचें पांघरूण घेऊन केलेल्या पापाची ही कथा आहे. ती केवळ जुन्या काळाची आहे असें कोणीं समजूं नये.

प्रशांत महासागरांत मार्शल बेटें आहेत. ज्या अमेरिकन मिशन संस्थेचे उपदेशक १८१३ सालीं मुंबईस आले, तिचेच उपदेशक १८५७ सालीं त्या बेटांवर गेले. म्हणून तेथील मंडळ्या आपल्या मंडळ्यांच्या बहिणी होत. १९४६ सालच्या फेब्रुवारींत एका रविवारीं, उपासना आटोपल्यावर, अमेरिकन आरमाराचे अधिकारी बेन वायट हे बिकिनी बेटाच्या लोकांसमोर उभे राहिले. त्यांनीं त्या लोकांस इस्राएल लोकांची उपमा दिली, आणि मानवजातीच्या कल्याणासाठीं व युद्धें कायमचीं बंद व्हावीं म्हणून बेट सोडण्यास सांगितलें. तेथें अणुबाँबची परीक्षा पाहावयाची होती. लोकांचा पुढारी जूडा यानें, सर्व देवाच्या हातीं आहे, असें म्हणून मान तुकविली.

मार्चमध्यें १६७ माणसें राँगेरिक बेटावर नेण्यांत आलीं. तेथें अन्न पुरेना. दोन वर्षें त्यांनीं उपासमार सोसली. इकडे त्यांच्या वतनावर १९५८ पर्यंत २३ स्फोट झाले. १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारें हजारपट होता. पूर्वेच्या राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली व मुलें तींत खेळलीं. लवकरच अंगाची आग होऊं लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या. पुढें केस गळाले. दोन दिवसांनंतर त्यांस तेथून हलविलें. पुढें अनेकांच्या गळ्यांत गांठी झाल्या. बाळें मृत जन्मलीं, असें तेथील मातांनीं जगास सांगितलें. बिकिनीचीं कांहीं कुटुंबें परत आलीं होतीं, परंतु अन्नांत विष उतरलें आहे असें आढळून १९७८ सालीं त्यांस पुन्हां बाहेर काढावें लागलें.

इस्राएल लोकांस देवानें दास्यांतून काढून वतनाकडे नेलें. या लोकांस वतनावरून काढून उपाशी ठेविलें. शास्त्राचा दाखला तोच, परंतु वाट उलटी!

जूडाचा विश्वास खरा होता. तथापि गरिबाच्या विश्वासानें बळवंताचा अपराध धुतला जात नाहीं. अहाब मळ्याचा ताबा घेण्यास गेला, तेव्हां देवानें एलीयास त्याच मळ्यांत जाब विचारण्यास पाठविलें.

उपदेशक बंधूंनो, एखादा थोर मनुष्य शास्त्राचें वचन तोंडीं घेऊन, सर्वांच्या हितासाठीं म्हणून, एखाद्या दुबळ्याचें शेत किंवा घर मागेल, तेव्हां वचन ऐकून लगेच आमेन म्हणूं नका. हित कोणाचें, आणि त्याची किंमत कोणाच्या लेंकरांनीं द्यावयाची, हें आधीं विचारा. आम्हीं स्वतः कोणाचा बांध कोरून वर प्रार्थना तर करीत नाहीं ना, हेंही पाहूं या. आणि येत्या रविवारीं त्या बेटांच्या मंडळ्यांचें नांव आपल्या प्रार्थनेंत घेऊं या. नाबोथाचें नांव देव विसरला नाहीं. त्यांचेंही तो विसरणार नाहीं.