शुद्धिपत्र कोणी मागावे, कोणी द्यावे?

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीला दिंड्या येतात. थंडीचा कडाका असतो, पण गावोगावहून पायी आलेले माळकरी कुशावर्तावर स्नान करतात, ब्रह्मगिरीला हात जोडतात आणि नाथांच्या पायांवर डोके ठेवतात. हे आपले निवृत्तीदादा, ज्ञानोबा माउलींचे सद्गुरू. त्यांच्या बालपणीची गोष्ट कोणत्या वारकऱ्याला ठाऊक नाही? संन्याशाची पोरे म्हणून त्या चार भावंडांना वाळीत टाकले. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतले, तरी लेकरांवरचा ठपका गेला नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा, मग तुम्हांला पंक्तीला घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. परंपरा सांगते की ती पोरकी लेकरे एका कागदासाठी आळंदीहून पैठणापर्यंत चालत गेली.

ही गोष्ट कीर्तनात निघाली की मंडळी डोळे पुसतात. पण डोळे पुसून झाल्यावर एक विचार मनात यायला हवा, तो बहुधा येत नाही. तो असा, की आज आपण त्या गोष्टीत कोणत्या जागी उभे आहोत? कागद मागणाऱ्यांच्या, की कागद नसणाऱ्यांच्या?

हा प्रश्न आजच काढण्याचे कारण आहे. परदेशातून परवान्यावाचून आलेल्या माणसांचे काय करावे, यावर आपल्या देशात मोठा वाद चालू आहे. कोणी त्यांना घुसखोर म्हणतो, कोणी निर्वासित म्हणतो. आणि या वादात धर्मसंस्था नुसत्या कडेला उभ्या नाहीत. मठ, मंदिरे, गुरुद्वारे, चर्च, मशिदी यांच्याकडून मते मागितली जातात, आणि न मागताही दिली जातात. तेव्हा धर्मसंस्थेने या कामी काय बोलावे, कशाची साक्ष द्यावी आणि कुठे थांबावे, हे आपणांसही ठरवले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकू. देशाची सीमा राखणे हा राज्याचा धर्म आहे. घराला दार असते, दाराला कडी असते. रात्री कडी लावणारा काही पापी ठरत नाही. परदेशी माणसांविषयीचे जुने कायदे बाजूला सारून संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा केला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. योग्य पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा कडक असावा की सौम्य, यावर मतभेद असतील. पण कायदा करण्याचा राज्याचा अधिकार कोणी शहाणा माणूस नाकारणार नाही. तसेच खोटा दाखला हा खोटाच. आमच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांविषयी तक्रारी झाल्या आणि राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले. दाखला पैसे घेऊन खोटा दिला गेला असेल, तर देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा व्हावी. असत्याची भलामण करायला संतांनी आपल्याला शिकवलेले नाही.

पण याच ठिकाणी थोडे थांबून पाहा. आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या आजींना जन्मतारीख विचारा. 'मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, आखाडात' असे उत्तर मिळेल. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभरचा कायदा झाला तो १९६९ साली, आणि तो वाडीवस्तीवर पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. मग ज्याच्याकडे दाखला नाही तो परका, असा न्याय लावला, तर पहिल्यांदा कोण सापडेल? आपलीच आजी! तिची भाषा मराठी, गाव ओळखीचे, म्हणून तिला कोणी हात लावणार नाही. परंतु जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पोटासाठी आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच आहेत असे निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांची बोली बंगाली होती आणि ते गरीब होते, म्हणून ही पाळी त्यांच्यावर आली. संशय हा असा आंधळा असतो. त्याला एकदा मोकाट सोडले की घरचा कोण नि बाहेरचा कोण, हे त्याला कळत नाही.

आता धर्मसंस्थांकडे वळू. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित समजू नये, त्यांना नागरिकत्व लवकर मिळावे, असे तिने ठरवले. त्या दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. त्यांत एक कलम असे, की अर्जदार अमुक धर्माचा आहे याबद्दल त्या भागातील प्रतिष्ठित अशा समाजसंस्थेचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे. म्हणजे एखाद्या देवळाच्या विश्वस्तांनी लिहून दिले की हा आमच्यातला, तर तो कागद देशाच्या दफ्तरात जाऊन बसणार. वाचकहो, हे लक्षात घ्या. पैठणच्या ब्रह्मवृंदाच्या हाती जी लेखणी होती, तिच्यासारखीच एक लेखणी आज पुन्हा धर्मसंस्थेच्या हाती आली आहे.

या दुरुस्तीवर देशात दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, शेजारच्या देशांत ज्यांना देवाचे नाव घेणे कठीण झाले, त्यांनी या भूमीत नाही यायचे तर जायचे कुठे? दुसरा म्हणतो, छळ झालेल्याला आसरा द्यावा हे खरे, पण त्याचा धर्म पाहून का द्यावा? या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दोनशेवर याचिका दाखल झाल्या. त्या वादाचा निवाडा करणे या मासिकाचे काम नव्हे. पण पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात जी करुणा आहे, ती खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. २०१३ साली प्रयागच्या कुंभाला यात्रेचा व्हिसा काढून पाकिस्तानातून शेकडो हिंदू आले. स्नान झाले, मुदत संपली, पण माघारी जायला त्यांचे पाऊल उचलेना. ते दिल्लीत झोपड्या घालून राहिले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे तेव्हा ते काय ठरत होते? मुदत उलटलेले परकीय, म्हणजे बेकायदा राहणारे! तरी त्यांना कोणी घुसखोर म्हटले, तर आपले मन कळवळते. आपण लगेच म्हणतो, अहो, त्यांची अडचण तरी पाहा!

हेच आम्हांला सांगायचे आहे. 'त्यांची अडचण तरी पाहा' हे शब्द आपल्या तोंडून आपल्या माणसासाठी सहज येतात. दुसऱ्यासाठी तेच शब्द घशात का अडकतात? तराजू एकच असावा. ज्याने कपटाने, अपाय करण्यासाठी सीमा ओलांडली, तो कोणत्याही नावाचा असो, त्याला राज्याने रोखावे. आणि जो जीव वाचवायला किंवा लेकरांच्या पोटासाठी आला, त्याचे म्हणणे निदान ऐकून घ्यावे. मग कायद्याने त्याला ठेवायचे की परत धाडायचे, ते ठरू दे. परत धाडायचे ठरले तरी माणसासारखे धाडावे. दया दाखवल्याने कायदा मोडत नाही. कायदा चालवताना माणुसकी सुटू नये, एवढेच दया मागत असते.

कोणी म्हणेल, 'महाराज, हे राजकारण आहे. आपण टाळ कुटावेत, नाम घ्यावे. या भानगडीत पडू नये.' हे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण पुरते खरे नाही. धर्मसंस्था बोलली तरी परिणाम होतो आणि गप्प बसली तरी होतो. अमेरिकेत एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला या देशांतील यादवीमुळे पळून आलेल्या लोकांना सरकार आश्रय देईना, तेव्हा २४ मार्च १९८२ रोजी ॲरिझोना प्रांतातील टुसान शहराच्या एका चर्चने उघडपणे जाहीर केले की आम्ही यांना आसरा देत आहोत. पाहता पाहता शेकडो प्रार्थनास्थळे त्यांत सामील झाली. खटला झाला, १९८६ साली आठ जण दोषी ठरले. तरी त्या चळवळीने देशाला विचार करायला लावले, आणि १९९१ मध्ये चर्चसंस्थांनी लावलेल्या एका दाव्यात सरकारने त्या निर्वासितांचे अर्ज नव्याने ऐकण्याचे कबूल केले. आम्ही कायदा मोडण्याचा सल्ला देत नाही. पण त्या लोकांनी लपवाछपवी केली नाही, खोटे कागद केले नाहीत. जे केले ते दारावर पाटी लावून केले आणि शिक्षेलाही तयार राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लांब कशाला जा! नाशिकच पाहा. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो लोकांना देवळालीच्या छावणीत ठेवले होते. त्यांची भाषा निराळी, खाणेपिणे निराळे. पण त्यांनी दुकाने मांडली, लेकरे शिकवली आणि ते नाशिककर झाले. आज त्यांच्या नातवंडांना परके कोण म्हणेल? आणि याच नाशकात उलटही घडले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दाराबाहेर उभी असलेली माणसे कुठल्या परमुलखातून आलेली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्यांना कोणत्याही सरकारने परके ठरवले नव्हते, ठरवले ते धर्मसंस्थेने. वर्षामागून वर्षे गेली, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरीचे दारही सर्वांना मोकळे व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. ती पाहिली की दाराबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा 'हा आपला, हा परका' हे ठरवण्याचा अधिकार हाती आला की धर्मसंस्थेने हुरळून जाऊ नये, उलट भ्यावे. या कामी आपला मागचा हिशेब चोख नाही.

मग करावे तरी काय? आमच्या मते तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट साक्षीची. संस्थानाकडे कोणी प्रमाणपत्र मागायला आला, तर जे डोळ्यांनी पाहिले, जे खरोखर ठाऊक आहे, तेवढेच लिहावे. ओळखीखातर, पैशाखातर किंवा पक्षाखातर एक अक्षर अधिक लिहू नये, आणि आकसाने एक अक्षर कमीही लिहू नये. लिहिणाऱ्याने हेही विसरू नये की तो माणसाच्या किमतीचा निवाडा करीत नाही, फक्त एका गोष्टीची साक्ष देतो.

दुसरी गोष्ट वाणीची. कीर्तनाला उभे राहणाऱ्याच्या गळ्यात वीणेकरी हार घालतो, ऐकणारे त्याच्या पाया पडतात. त्या जागेवरून एखाद्या वस्तीला, एखाद्या जातीला सरसकट घुसखोर म्हटले, तर ते वाक्य गावात जाऊन दगड होते. आणि दगड कुणाच्या डोक्यात बसतो, ते वर सांगितलेच आहे. कुणावर संशय असेल आणि आधार असेल, तर पोलीस ठाणे आहे. तिथे नाव देऊन सांगावे. कीर्तनाची जागा त्यासाठी नाही.

तिसरी गोष्ट पंगतीची. अन्नदानाच्या पंगतीत कागद विचारू नये. चोपदार दिंडीची शिस्त पाहतो, आडवे आलेल्याला बाजूला करतो. पण पत्रावळीवर बसलेल्याला 'तू कुठला' असे विचारून उठवल्याचे आपल्या संप्रदायात कोणी ऐकले आहे काय? सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरी कोट्यवधी माणसे येतील. बंदोबस्त सरकार ठेवील, ओळखपत्रे पोलीस तपासतील, ते त्यांचे काम. आपले काम भाकरीचे आणि पाण्याचे. ज्याने त्याने आपापले काम केले म्हणजे राज्यधर्मही राहतो आणि भागवतधर्मही राहतो.

पैठणचे ते शुद्धिपत्र आज कुणाच्या लक्षात आहे? त्यावर सही करणाऱ्यांची नावे किती जणांना सांगता येतील? पण ज्या लेकरांना ते मागायला लावले, त्यांतल्या थोरल्याच्या समाधीसाठी आपण थंडीतून चालत त्र्यंबकास जातो, आणि त्याच्या धाकट्या भावाच्या नावाने वारी चालते. तेव्हा यापुढे कोणाकडे कागद मागण्याची किंवा कोणाला कागद देण्याची वेळ आली, तर लेखणी उचलण्याआधी निवृत्तीदादांचे स्मरण करावे, एवढीच वारकरी मंडळींच्या चरणी विनंती.

रामकृष्ण हरि.