शेजाऱ्याचे कुत्रे आणि आपला शेजारधर्म



शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु शेजाऱ्याचे कुत्रे रात्री कुंपणातून शिरते, मेथीचा वाफा उकरून ठेवते, कोंबडीचे पिल्लू पळवते, तेव्हा ही आज्ञा पाळणे किती अवघड आहे ते कळते. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या आपल्या गावांतून दोन घरांमध्ये फार तर बोराटीचे कुंपण असते. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात सांडपाण्यावर जगवलेला भाजीचा वाफा म्हणजे घरच्यांचे चार दिवसांचे कालवण! त्याची नासाडी झाली की राग येणारच. हा राग घेऊन आपण कोठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

बहुधा आपण शेजाऱ्याकडे जातच नाही. कुत्र्याला दगड मारतो, आणि तोही शेजाऱ्याला ऐकू जाईल असा. नळावर, पारावर दहा जणांना सांगतो. ज्याला सांगायला हवे, त्याच्याशी मात्र बोलणे बंद करतो. पुढे मुलांचे एकमेकांकडे जाणे थांबते, लग्नाची पत्रिका जात नाही. कोणी तर भाकरीत विष घालण्यापर्यंत मजल मारतो. ते विष दुसऱ्याची शेळी खाऊ शकते, रांगते मूलही तोंडात घालू शकते, ह्याचा विचार त्या क्षणी होत नाही. कायद्यानेही हा गुन्हा आहे. जनावराला विष घालून मारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीय ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात आहे. तिच्या लगेच आधी काय सांगितले आहे, ते आपण क्वचितच वाचतो. तेथे परमेश्वर सांगतो की, मनात द्वेष साठवू नये, शेजाऱ्याची चूक त्याला स्पष्टपणे दाखवावी, आणि सूड घेऊ नये. म्हणजे शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलणे हा प्रीतीचाच भाग आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात प्रभू येशूनेही हाच क्रम घालून दिला आहे : प्रथम एकट्याने जाऊन बोला, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्या, आणि त्यानंतरच मंडळीपुढे मांडा. आपण नेमके उलटे करतो. आधी गाव गोळा करतो आणि शेजाऱ्याला शेवटी कळते.

ज्यांच्या दारी कुत्रे आहे, त्यांच्यासाठीही शास्त्रात शब्द आहे. एखाद्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, तर मालकाने आपल्या शेतातील उत्तम पिकातून भरपाई करावी, असे निर्गम ग्रंथाचा 22 वा अध्याय सांगतो. "मुके जनावर आहे, त्याला काय कळते?" हे उत्तर तेथे चालत नाही. जनावराला कळत नाही, म्हणूनच मालकाने जाणायचे असते. कुत्र्याला वेळेवर पोटभर खायला देणे, रात्री बांधणे, दर वर्षी रेबीजची लस टोचून घेणे, हा शेजारधर्मच आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कुत्रे चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी व तडक सरकारी दवाखाना गाठावा.

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. घराला कुलूप लागते किंवा मागे एखादी म्हातारी माय राहते. कुत्रेही मागेच राहते. भुकेले झाले की ते शेजारच्या उकिरड्यावर आणि वाफ्यात शिरते. तेव्हा भांडावे तरी कोणाशी? त्या म्हाताऱ्या मायशी? अशा वेळी आपल्या उरलेल्या भाकरीचा तुकडा दगडापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

असिसीच्या संत फ्रान्सिसची कथा आपण ऐकली आहे. गुब्बियो नगरात एका लांडग्याने दहशत बसवली होती. संत फ्रान्सिस एकटे त्याच्याकडे गेले. त्यांनी लांडग्याची चूक त्याला सांगितली आणि नगरवासीयांना त्याची भूक दाखवून दिली. लोकांनी त्याला खाऊ घालावे व त्याने कोणाला इजा करू नये, असा समेट झाला. दोन्ही बाजूंनी काही सोडले, दोन्ही बाजूंनी काही पत्करले.

2021 च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले लवूळ गाव जगभरच्या बातम्यांत आले. तेथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होती, आणि ती पिल्ले मरत होती. शेवटी वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. वानरे सूड घेत आहेत, असे सर्वत्र बोलले गेले, मेलेल्या कुत्र्यांचे मोठमोठे आकडे सांगितले गेले. वानरांच्या मनात काय होते ते देव जाणे. पण सुडाची ती गोष्ट आपल्याला लगेच पटली, कारण सूड आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो वानरांमध्ये शोधण्याआधी आपल्या कुंपणापाशी शोधू या.

प्रिय बंधू-भगिनींनो, ह्या आठवड्यात आपण एवढे करू या. कुंपणाचे भगदाड बोराटीने बुजवू या. जमल्यास दोन्ही घरांनी मिळून बुजवावे. हाडे, उष्टे उघड्यावर टाकू नये, त्या वासानेच कुत्री येतात. आणि ज्या शेजाऱ्याशी बोलणे थांबले आहे, त्याच्या दारी दिवसाउजेडी, शांत मनाने, एकट्याने जाऊ या. मेथी पंधरा-वीस दिवसांत पुन्हा उगवते. तुटलेला शेजार पुन्हा जोडायला कधीकधी एक पिढी लागते.

शांतीचा प्रभू आपल्या घरांना व आपल्या शेजारच्या घरांना आशीर्वाद देवो. आमेन.